बाबा झोपलेत

पोरगी घर सोडून गेली त्याला तिसरा दिवस उजाडला, तरी छापखान्यातला मशीनमन बायकोवरच खेकसत होता. भरदुपारी बॅग उचलून जाते, आणि आईला पत्ता नाही?

"मी कामावर होते," बायको म्हणाली. "घरात तुम्ही होतात."

वीस वर्षं त्याची रात्रपाळी, म्हणून वीस वर्षं ते घर दिवसा टाचा उचलून चालत होतं. बिजागऱ्यांना तेल, खुर्च्यांच्या पायांना चिंध्या. पोरगी रांगायला लागली तीच तोंडावर बोट ठेवून, असं शेजारीण म्हणायची. हा छापखान्यात छाती फुगवून सांगायचा, आमच्याकडे टाचणी पडली तरी ऐकू येते. टाचणी पाडायची हिंमत कुणाच्या बापात होती?

बायकोने पोरीची इंग्रजीच्या क्लासची वही पुढे टाकली. दबकत चालण्याचे इंग्रजी शब्द. बाईंनी सांगितलं होतं, प्रत्येकाखाली आपल्या घरातलं उदाहरण मराठीत लिहा.

टिपटो. बाबा झोपलेत. आई चवड्यांवर चालते.

क्रीप. बाबा झोपलेत. मी भिंतीला धरून सरकते.

स्नीक. बाबा झोपलेत. नोकरीचं पत्र मी ओढणीखाली लपवून घरात आणते.

दुसऱ्या शहरातली नोकरी. चार वेळा ती बोलायला आली. चारही वेळा तो म्हणाला, झोपून उठल्यावर बघू.

झोप कसली डोंबलाची. रात्रपाळीने ती केव्हाच खाल्ली होती. तीन वर्षं तो दिवसा नुसता डोळे मिटून पडत होता. कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं, तर सगळ्यांच्या टाचा जमिनीला लागल्या असत्या आणि तोंडं उघडली असती. मिटल्या डोळ्यांना कुणी काही विचारत नाही.

त्या दुपारीही तो जागाच होता. पोरगी त्याच्या दाराशी येऊन थांबली. बराच वेळ. तिचा श्वास त्याला ऐकू येत होता. पुन्हा नोकरीचं काढणार, म्हणून त्याने चक्क घोरायला सुरुवात केली. मग बाहेरची कडी सरकली. ऐकू येईल न येईल अशी. क्लासला गेली असेल, म्हणून त्याने कूस बदलली.

वहीचं शेवटचं पान बायकोने हाताखाली दाबून धरलं होतं.

"आधी एक सांगा. त्या दुपारी तुम्हाला गाढ झोप लागली होती ना?"

"मेल्यासारखी," तो म्हणाला.

"मग वाचा." तिने हात काढला.

त्या पानावर बाईंची लाल खूण नव्हती. एकच शब्द होता.

स्लिप आउट. बाबा झोपलेत. मी त्यांच्या दाराशी उभी राहीन. त्यांनी डोळे उघडून नुसतं "काय गं?" विचारलं, तरी मी जाणार नाही.