चोवीस प्रश्न

"त्यांच्या हातात ते पुस्तक देऊ नकोस गं," खालच्या मजल्यावरच्या सरोजकाकू म्हणाल्या होत्या. "नोकरी संपलेला माणूस आहे. जीव गुंतवून बसेल."

चैत्रालीनं ते हसण्यावारी नेलं होतं. तेवढाच बाबांचा वेळ जाईल, असं तिला वाटलं होतं.

आणि आज, शुक्रवारी भर दुपारी बारा वाजता, तिचे सासरे इस्त्रीचा शर्ट, पट्टा, पायात बूट अशा थाटात कतारमधल्या अल वक्र्याच्या फ्लॅटमध्ये जेवणाच्या टेबलाशी बसले होते. समोर तिनंच छापून आणलेली सरावाची प्रश्नपत्रिका, दोन पेनं आणि मनगटावरून काढून ठेवलेलं घड्याळ. त्याच मिनिटाला तिकडे लेस्टरला त्यांचा मुलगा धवल खरी परीक्षा द्यायला बसला होता. ब्रिटनमध्ये कायम राहायचं तर ती द्यावीच लागते. त्यांचे राजे, त्यांच्या लढाया, त्यांची संसद. पंचेचाळीस मिनिटं, चोवीस प्रश्न, अठरा बरोबर यायलाच हवेत. मागच्या खेपेला तो नापास झाला होता. आज पास झाला तर चैत्राली आणि पाच वर्षांची मधुरा ऑगस्टमध्ये कायमच्या त्याच्याकडे. नाही तर पुन्हा फोनवरचा संसार.

"तो एकटा कशाला बसेल?" बाबा सकाळीच म्हणाले होते. "मी इथे सोबतीला बसतो."

धवलच्या वाट्याची दहीसाखर मधुरानं खाल्ली, कारण फोनमधून भरवता येत नाही. तिचा चमचा चाटून होतो न होतो, तोच बाबांनीही तळहात पुढे केला.

"बाबा, तुम्हाला पण?"

"म्हणजे काय! पेपर मीही देतोय."

"अहो, पासष्टच्या पुढच्यांना ही परीक्षा माफ असते."

"मी बासष्टचा आहे," बाबा ताठ बसून म्हणाले.

परीक्षेचं ते पुस्तक त्यांना तोंडपाठ होतं. साम्राज्याच्या धड्यावर मात्र त्यांचं आणि पुस्तकाचं जमलं नव्हतं. समासात पेन्सिलीनं त्यांनी स्वतःचं म्हणणं मांडून ठेवलं होतं. धवलला मात्र काल रात्री फोनवर दम भरला होता, "पुस्तकात आहे तेच उत्तर दे. खरं काय ते शिक्का मिळाल्यावर भांडू."

"आजोबा, नो टॉकिंग!" मधुरा स्टुलावर उभी राहून पहारा करत होती.

"मी कुठे बोललो?"

"यू आर थिंकिंग लाउडली!"

बाबांचा पेपर एकवीस मिनिटांत झाला. पण ते उठले नाहीत. वेळ संपेपर्यंत उठायचं नसतं म्हणे. चैत्रालीचं कशातच लक्ष नव्हतं. कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या ते विसरली, गॅस बंद केला, पुन्हा लावला. फोन ओट्यावर ठेवावा की हातात धरावा, तेही सुचेना.

एक वाजता तो वाजला. धवल परीक्षेच्या इमारतीबाहेर फुटपाथवर उभा होता. वाऱ्यानं केस उडत होते.

"कसा गेला?" तिघंही एकदम.

"सोपा होता गं! म्हणजे, मागच्या वेळीही सोपाच वाटला होता. निकाल मेलवर येतो. चोवीस तासांत कधीही."

"चोवीस तास?" चैत्राली मटकन खुर्चीत बसली.

"थांब, थांब. काहीतरी आलंय." स्क्रीनवर त्याचं नुसतं कपाळ दिसू लागलं. "पासवर्ड... अरे, पासवर्ड काय होता? हां." मग असा ओरडला, की मागून जाणारी एक बाई कुत्र्यासकट दचकली. "पास! चैतू, पास!"

चैत्रालीनं मधुराला उचलून गरागरा फिरवलं. बाबांनी टेबलावर अशी थाप मारली, की दोन्ही पेनं खाली गेली. "शाब्बास रे पठ्ठ्या!" एकतीस वर्षं पोर्टवर कंटेनर हलवताना कमावलेला आवाज होता तो. सरोजकाकूंनाही खाली ऐकू गेला असणार.

"मी आजच अर्जाचं बघतो. तू तुझ्या शाळेतल्या नोकरीचा राजीनामा दे. मधूची तिकडची शाळा मी बघून ठेवलीय, घरापासून सात मिनिटं!"

मधुरानं फोन दोन्ही हातांनी धरला. "बाबा, इज आजोबा कमिंग टू?"

धवलनं उडणारे केस मागे सारले. "हो तर. येतील ना. व्हिजिटवर. सहा महिने राहतील, मग जातील नाशिकला. त्यांना तसा कायमचा नाही मिळत व्हिसा, राजा."

"बट ही नोज एव्हरीथिंग!"

धवल हसला. चैत्रालीही हसली. बाबांनी वाकून दोन्ही पेनं उचलली, घड्याळ मनगटावर चढवलं. इथली त्यांची रेसिडन्सी, म्हणजे राहायचा परवाना, या महिनाअखेर खलास होणार होती, ते साऱ्या घराला ठाऊक होतं. कतारनं त्यांना एकतीस वर्षांत पास झालं की कायम राहता येईल असला एकही पेपर दिला नव्हता.

तिकिटं, सुटकेस, मधुराचं दप्तर, थंडीचे कोट! दोघं नवरा-बायको एकमेकांचं वाक्य तोडत बोलत होती. मधुरा सोफ्यावर उड्या मारत होती. बोलता बोलता चैत्रालीची नजर टेबलाकडे गेली. खुर्ची रिकामी होती. पेपरही नव्हता. आतल्या खोलीचं दार लोटलेलं होतं.

तिच्या एका हातात फोन, दुसऱ्या हाताला लोंबकळणारी पोर. पाच वर्षांनी घरात असा आनंद आलाय, तो तिच्यानं खाली ठेववत नाही. वाचता वाचता तुम्ही दाराशीच आलात, तर तेवढं आत डोकावून याल? बाकी काही बोलू नका. चोवीसपैकी किती आले, एवढंच विचारा.