भाग कशानं जातो

गणितात संशोधन करणाऱ्या अलिजाला निजामपुऱ्यात माहेरी येऊन दुसरा महिना लागला होता. मध्ये ईदही येऊन गेली, पण नवऱ्याचा फोन आला नाही. "अगं, झालं तरी काय?" अम्मी रोज खोदून खोदून विचारायची, आणि अलिजा लॅपटॉपमधल्या आकड्यांकडे बघत बसायची.

आज जेवताना अब्बांनी विचारलं, "कसले गं एवढे आकडे?"

"एकच संख्या आहे, अब्बा. लाखो अंकांची. एक आणि ती स्वतः सोडून तिला आणखी कशानं तरी भाग जातो, एवढं सिद्ध झालंय. कशानं जातो, ते अजून कुणालाच सापडलेलं नाही."

"मग भाग जातो हे कसं कळलं?"

"मूळ संख्या ओळखायची एक कसोटी असते. तीत नापास झाली की संपलं. मग विभाजक सापडो, न सापडो."

तिच्या आवाजात कसलाच चढउतार नव्हता. अब्बांनी हातातला घास परत ताटात ठेवला. भिंतीपलीकडून कापड विणणाऱ्या लूमची खडखड तेवढी येत राहिली.

 

हात धुऊन ते अम्मीला म्हणाले, "आता तिला काही विचारू नकोस. उद्या कापडाचा माल उतरला की आपला टेम्पो तिच्या सासरी पाठवतो. तिचं सगळं सामान घेऊन येईल."