गार खोली

एसी एकाच खोलीत होता, म्हणून उन्हाळ्यात अख्खं घर तिथेच राहायला आलं होतं. दाराखालच्या फटीत सासूबाईंनी ओला टॉवेल कोंबला होता. दार उघडणाऱ्याचा उद्धार ठरलेला. सुनेला दुसऱ्या शहरात बढती मिळत होती. जाणार की नाही, हे आज संध्याकाळपर्यंत कळवायचं होतं. "जरा स्वयंपाकघरात येतोस? बोलायचंय," ती नवऱ्याला म्हणाली. "तिकडे भट्टी पेटलीय. इथेच बोल की." "आमच्यापुढे कसली बोलतेय ती," नणंद हसली. सुनेने दार उघडलं. "आत बस, नाहीतर बाहेर जा. गार हवा पळतेय," सासूबाई करवादल्या. स्वयंपाकघरात ओटासुद्धा तापला होता. घामाने निसटणारा फोन कानाशी धरून ती साहेबांना म्हणाली, "हो, जाईन मी." "काय बोलायचं होतं गं?" ती परतल्यावर नवऱ्याने विचारलं. "काही नाही," ती त्याच्याशेजारी बसत म्हणाली. "बोलून झालं."