नवी स्प्रिंग

खंडेनवमीला बाबांनी कोयता, पारई आणि बंदूक पाटावर मांडली. बंदूक शेतराखणीची, परवान्याची. पण धाकटे काका रानात कुणाची तरी गोळी लागून गेले, त्या वर्षापासून तिचा घोडा पडत नव्हता. "स्प्रिंग तुटलीय," एवढंच बाबा सांगायचे. गंध-फूल वाहून तिला पुन्हा माळ्यावर टाकायचे. डुकरं खुशाल भातात लोळायची.

"यंदा ती माळ्यावर जाणार नाही," आयटीआयत फिटरचं काम शिकणारी संचिता म्हणाली. मोडक्या कुलपातली स्प्रिंग कानशीने घासून तिने कालच बसवली होती. मोठ्या हौसेने तिने रिकाम्या बंदुकीचा घोडा ओढून सोडला.

खट्!

बाबांच्या हातातली झेंडूची फुलं सांडली.

आई चुलीपुढून धावत आली. "कुणी सांगितला होता तुला हा उद्योग? तुटली नव्हती ती. तुझ्या बाबांनीच काढून काकांच्या चितेत टाकली होती."

"पण का?"

बाबा अजून पाटाकडेच बघत होते.

"करवंदीच्या जाळीत काहीतरी हललं," ते म्हणाले. "मला वाटलं, डुक्कर."