वडिलांनी समक्ष भेटावे

एव्हरशाईन सिटीत मी इंग्रजीची शिकवणी घेतो. सोमवारी मुलांना घरातल्या माणसावर, क्रियापदाचा योग्य काळ वापरून, दहा वाक्यं लिहायला दिली.

सातवीतल्या उन्नतीने पप्पांवर लिहिलं. पप्पा अर्नाळ्याहून बोंबील आणतात. पप्पा गॅलरीत उभे राहून दात घासतात.

"उन्नती, पप्पा गणपतीत गेले ना गं? मग इथे भूतकाळ हवा."

"पण सर, ते अजून घासतात."

मी दहा लाल फुल्या मारल्या आणि हाताच्या सवयीने खाली शिक्का उमटवला: 'वडिलांनी समक्ष भेटावे.' नापासांच्या वह्यांवर सहा वर्षं हाच शिक्का मारतोय.

मग ओशाळलो. "ते सोड हं. आईला पाठव."

"नको सर, पप्पाच येतील." तिचे डोळे भरले. "घरी आता त्यांना कोणी हाकच मारत नाही."

आज ती एकटीच आली. मी दार लावायला उठलो.

"थांबा ना सर. पप्पा चप्पल काढतायत."

बाहेर मुलांच्या चपलांशेजारी एक मोठी चप्पल होती. एकच.

माझ्या डोळ्यांदेखत तिच्या शेजारी दुसरी आली.