सोफ्यावरची उशी

उठल्या उठल्या अच्युतने सवयीप्रमाणे एक उशी सोफ्यावर टाकली, चादर अंथरली आणि हाताने नीट चुरगाळली. दिगंबरबरोबर आजवर जिथे जिथे उतरला, तिथे खोली आवरायला कुणी येण्याआधी तो हे करायचाच. दोघे मित्र वेगवेगळे झोपले, असं दिसलेलं बरं.

"अरे, इथे तरी नको," दाढी करता करता दिगंबर म्हणाला. "दोन पुरुषांना जोडीने राहता यावं म्हणून तर एवढं महागाचं हॉटेल शोधलं ना आपण?"

"असू दे रे. परका मुलूख, कुणाच्या मनात काय असेल सांगता येतं का?"

नाश्ता करून ते परतले, तर पलंगावर मोगऱ्याचा हार ठेवलेला आणि हॉटेलची थाई मालकीण स्वतः दारात उभी. तिने मोडक्यातोडक्या इंग्रजीत हळूच विचारलं, "रात्री भांडलात का हो दोघं? माझा नवराही रुसला की सोफ्यावर जाऊन झोपतो. एवढ्या लांब फिरायला येऊन अबोला धरू नका."

अच्युतचे कान लाल झाले. दिगंबरनेच तिला हात जोडले. "चूक माझीच होती. काढतो त्याची समजूत."

ती हसत गेली. अच्युतने सोफ्यावरची उशी उचलली आणि कितीतरी वेळ तशीच छातीशी धरून ठेवली.

"दिगू," तो शेवटी म्हणाला, "आपलं भांडण मिटावं, असं आजवर कुणाला वाटलं होतं का रे?"