झरोक्यातला हात

"हे आरमाराचं दारूकोठार," रविकांत मास्तर म्हणाला. "भिंतीची जाडी बघा साहेब. दारूगोळा ठेवायचा नसता, तर एवढी भिंत कोण कशाला बांधील?"

पुण्याहून आलेल्या साहेबांनी जांभ्याच्या भिंतीवर हात फिरवला आणि नुसतं "हं" केलं. पुराण्या वास्तू बघून कुठली राखायची नि कुठली सोडायची, हे ठरवणं त्यांचं काम. बंदरावर पंचवार्षिक योजनेतला नवा धक्का व्हायचा होता आणि भरावासाठी ही जुनी वखार पाडायची ठरली होती. रविकांतने वर्षभर अर्जांवर अर्ज करून साहेबांना इथवर आणलं होतं. आज त्यांना पटलं तर वखार राहणार होती, नाहीतर पावसाळ्याआधी तिचे दगड खाडीत पडणार होते.

"दारूकोठार खंयचा?"

दारात यमुनाबाई उभी होती. लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं, माशांची पाटी उंबऱ्याशी टेकवलेली. बाजाराला जाता जाता आतलं बोलणं ऐकून ती थांबली होती. ती रविकांतची आई.

"हय दारू नाय नि गोळे नाय," ती म्हणाली. "पिलेगात हय माणसां कोंडून घालीत. दाराक भायरसून कडी. माजी आवस हयच मेली."

साहेब वळले. "तुम्ही स्वतः पाहिलंय, आजी?"

"बघलंय म्हंजे? मी पेज घेवन इलंय काय ती त्या झरोक्यातसून हात भायर काडी." तिने भिंतीतल्या फटीएवढ्या झरोक्याकडे बोट केलं. "एक दिस हात इलोच नाय. मी पेज घेवन तशीच उबी."

साहेब झरोक्यापाशी गेले आणि वाकून बाहेर बघू लागले. आरमाराची इमारत सरकार राखील; प्लेगात माणसं मेलेली जागा कोण राखणार? आईच्या आईची ही गोष्ट त्याने लहानपणापासून ऐकली होती. अर्जात मात्र तिचा एक शब्दही त्याने येऊ दिला नव्हता.

"साहेब, ह्यांचं मनावर घेऊ नका," तो घाईने म्हणाला. "वय झालंय. काहीही बोलतात."

"तुमच्या ओळखीच्या आहेत?"

"गावातल्याच आहेत. मासे विकतात."

बोलून गेल्यावर त्याचे कान तापले. वखार वाचवायला एवढं म्हणायची काही गरज नव्हती. पुण्याचे साहेब, त्यांची इस्त्रीची पँट, आपलं धुवट धोतर आणि दारातून आत येणारा माशांचा वास, एवढ्यावरून ते तोंडातून निघालं होतं.

यमुनाबाईने त्याच्याकडे एकदाच बघितलं.

"मास्तर शिकलेले," ती साहेबांना म्हणाली. "ते सांगतत ता बरोबर आसतला."

ती पाटीपाशी वाकली. भरली पाटी डोक्यावर घ्यायला दुसऱ्याचा हात लागतो. बंदरावर रविकांतच तिला तो हात देई. मास्तर झाल्यावरही त्याने त्यात कधी कमीपणा मानला नव्हता. आता ती चुंबळ डोक्यावर ठेवून तशीच थांबली. कुणाला हाक मारली नाही. रविकांतचा एक पाय उचलला आणि तिथेच राहिला.

साहेबांनी गळ्यातला कॅमेरा पाठीवर टाकला, पुढे होऊन दोन्ही हातांनी पाटी उचलली आणि तिच्या डोक्यावर नीट बसवली. माशांचं पाणी त्यांच्या पांढऱ्या बाहीवरून कोपरापर्यंत ओघळलं.

"देव बरा करो," यमुनाबाई म्हणाली आणि बाजाराच्या वाटेला लागली.

साहेब रुमालाने हात पुसत पुन्हा झरोक्यापाशी गेले. "दारूकोठाराला पुरावा लागेल मास्तर, आणि तो मिळेलसं वाटत नाही," ते म्हणाले. "पण पाडू नका म्हणून मी आजच तार करतो. आजींनी सांगितलं ना, तेवढ्यासाठीसुद्धा ही जागा राहायला हवी. त्यांचं पूर्ण नाव काय?"

अर्जाखाली रविकांतची सही होती: रविकांत दत्ताराम कुबल.

"यमुनाबाई," तो म्हणाला.

"पुढे?"

"विचारून कळवतो."

जीप धूळ उडवत तळेऱ्याच्या रस्त्याला गेली. वखार राहिली ही बातमी संध्याकाळपर्यंत सगळ्या वाडीत झाली. माणसं घरी येऊन मास्तरांच्या पाठीवर थाप मारून गेली. ती गेल्यावर यमुनाबाईने रोजच्यासारखं त्याचं पान मांडलं, भात वाढला.

"वखार रवली मा?" तिने विचारलं.

"रवली."

"बरा झाला."

रविकांतने भातात बोटं घातली आणि तशीच ठेवली.

"सायबाक तुजा नाव कळवूचा आसा गो आये," तो शेवटी म्हणाला.

"मगे कळव."

"पुरा नाव व्हया त्येंका."

तिने बांगड्याच्या साराची वाटी त्याच्या पानाशी सरकवली.

"ता तुका म्हायत आसा," ती म्हणाली, आणि चुलीतलं लाकूड मागे ओढलं.